कृत्रिम डोळा कशाचा घ्यावा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कृत्रिम डोळा बसवून घ्यायला येणारी मंडळी बहुतेक एकच प्रश्न घेऊन येतात: काचेचा घेऊ की प्लास्टिकचा? दादरला आमच्या टेबलासमोर बसलेल्या माणसाला याचं उत्तर दोन मिनिटांत देता येतं. त्याच्या मागून जे प्रश्न निघतात ते मात्र जास्त वजनाचे असतात, आणि त्यातले काही तर ऑपरेशनच्या आधीच विचारायला हवे होते असे. म्हणून हे सगळं एका जागी लिहून ठेवलं आहे. तुमचं ऑपरेशन अजून व्हायचं असेल, तर काढलेल्या डोळ्याच्या जागी आत बसवतात त्या गोळ्याबद्दलचा प्रश्न आधी वाचा, बाकीचे मग.

‘काचेचा डोळा’ खरंच काचेचा असतो का?

आपल्याकडे आता नसतो. भारतात आज बनणारे जवळपास सगळे डोळे ॲक्रेलिकचे असतात. त्याचं पूर्ण नाव पॉलिमिथाइल मेथाक्रिलेट, बोलताना पीएमएमए. आणि तो गोटीसारखा गोलही नसतो, पापण्यांच्या मागे बसणारं ते एक बाकदार कवच असतं.

काचेची परंपरा मुख्यतः जर्मनीची. थुरिंजियातल्या लाउशा गावात बाहुल्यांचे डोळे बनवणाऱ्या लुडविग म्युलर-उरी याने १८३५ च्या सुमारास माणसांसाठी काचेचे डोळे बनवायला घेतले. पुढे १८६८ मध्ये क्रायोलाइट मिसळलेली काच आली आणि तीच आजतागायत वापरात आहे. दुसऱ्या महायुद्धात हा माल अमेरिका-इंग्लंडला मिळेनासा झाला आणि डोळा गमावलेले सैनिक तर येतच होते. तेव्हा लष्करातल्या दंततंत्रज्ञांनी कवळीच्या ॲक्रेलिकमधून डोळे घडवले. युद्ध संपलं, पण ते परत काचेकडे वळले नाहीत.

मग काचेचा चांगला की ॲक्रेलिकचा?

मुंबईत राहणाऱ्यासाठी ॲक्रेलिक. पण काच वाईट म्हणून नव्हे. काच ओली छान राहते, अश्रू तिच्यावर एकसारखे पसरतात, चमक अगदी खऱ्या डोळ्याची येते. काचेचे डोळे आतून पोकळ असल्यामुळे जडही नसतात. जर्मनीत आजही बहुतेक लोक काचेचाच डोळा वापरतात आणि समाधानी असतात.

अडचण अशी की अश्रूंमुळे काचेचा पृष्ठभाग हळूहळू झिजतो, खरखरीत होतो आणि साधारण एक-दोन वर्षांत डोळा बदलावा लागतो. काचेला पुन्हा पॉलिश मारता येत नाही. खोबणीचा आकार थोडा बदलला तर घासून किंवा भर घालून जुळवताही येत नाही, नवीनच फुंकावा लागतो. जर्मनीत ते जमतं, कारण कारागीर समोर बसवून तासा-दीड तासात डोळा करून देतो. इथे ती सोय नाही. शिवाय आपल्या घरांतली बाथरूमची लादी आठवा. ॲक्रेलिकचा डोळा पडला तर फार तर ओरखडा येईल, काचेचा पडला तर केरसुणी आणावी लागेल.

ॲक्रेलिकच्या बाजूने सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे दुरुस्ती. पापणी थोडी वर उचलायची आहे, नाकाकडची कड टोचते आहे, सहा महिन्यांत खोबण बदलली आहे, तर त्याच डोळ्यावर भर घालता येते, तो घासता येतो. तोटा म्हणजे ॲक्रेलिक काचेपेक्षा मऊ. त्यावर बारीक चरे पडतात, चऱ्यांत अश्रूंतली प्रथिनं बसतात, मग चिपडं वाढतात. त्यावर उपाय वर्षातून एकदा पॉलिश, त्याबद्दल पुढे.

प्लास्टिक डोळ्यात ठेवणं सुरक्षित आहे का?

हे प्लास्टिक डोळ्याला फार जुन्या ओळखीचं आहे. महायुद्धात विमानांच्या ॲक्रेलिक छताचे तुकडे काही वैमानिकांच्या डोळ्यांत घुसले. ते तुकडे आत राहूनही डोळ्याने फारसा विरोध केला नाही, हे इंग्लंडचे नेत्रतज्ज्ञ हॅरोल्ड रिडली यांनी हेरलं आणि १९४९ मध्ये लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलमध्ये मोतीबिंदूच्या रुग्णाला याच पदार्थाचं भिंग बसवलं. आपल्या आधीच्या पिढीत मोतीबिंदू झालेल्या कितीतरी आजी-आजोबांच्या डोळ्यांत हेच पीएमएमए आहे.

प्रश्न येतो तो कच्च्या ॲक्रेलिकचा. पावडर आणि पातळ द्रव मिसळून पिठासारखा गोळा करतात, साच्यात दाबतात आणि साचा गरम पाण्यात ठरलेला वेळ ठेवून शिजवतात. घाई केली तर द्रवाचा अंश आत राहतो. त्याने चुरचुरतं, लाली येते, क्वचित ॲलर्जीही होते. म्हणून ‘आज माप, आज डोळा’ असं कुणी म्हणालं तर त्याला एवढंच विचारा, की शिजवलं किती वेळ?

दातांच्या हॉस्पिटलमध्ये डोळा बनवतात असं ऐकलं, खरं का?

खरं आहे, आणि वरचं वाचल्यावर त्याचं नवल वाटू नये. कवळी बनवणारा विभाग, म्हणजे प्रोस्थोडॉन्टिक्स, हाच चेहऱ्याचे कृत्रिम भागही बनवतो. माप घ्यायचं अल्जिनेट तेच, मेण तेच, साचा तोच. सीएसएमटीजवळ सेंट जॉर्जेसच्या आवारातलं शासकीय दंत महाविद्यालय आणि मुंबई सेंट्रलचं पालिकेचं नायर दंत महाविद्यालय, या दोन्ही ठिकाणी हा विभाग आहे. शिकवणारी संस्था असल्यामुळे खर्च कमी, खेपा जास्त, असं धरून जा. नोकरीवरून सुट्टी काढणं ज्यांना जड जातं त्यांनी पहिल्याच दिवशी एकूण किती वेळा यावं लागेल ते विचारून घ्यावं.

तयार डोळा लगेच मिळतो आणि स्वस्तही पडतो. तो का घेऊ नये?

घेऊ नये असं सरसकट म्हणणार नाही. लग्न पंधरा दिवसांवर आलंय, हातात पैसे नाहीत, किंवा मापाचा डोळा होईपर्यंत काहीतरी हवंय, तेव्हा तयार डोळा उपयोगी पडतो. मटेरियल तर बहुतेक वेळा तेच, ॲक्रेलिक. फरक पडतो तो मागच्या बाजूने.

आमच्याकडे एक काकू आल्या होत्या, विरारहून. तक्रार एकच: लोकलमधून उतरेपर्यंत गालावर पिवळट ओघळ येतो, बायका बघतात. त्यांचा तयार डोळा काढून पालथा केला. मागची बाजू सगळ्यांना सारखीच बसावी म्हणून गुळगुळीत, एकाच बाकाची. काकूंची खोबण मात्र खालच्या बाजूला खोल. डोळा आणि आतली त्वचा यांच्यामध्ये चांगली फट राहत होती आणि तिथे दिवसभर पाणी साठून कुजत होतं. मटेरियल बदलून हे थांबलं नसतं. अल्जिनेटने माप घेऊन मागची बाजू त्यांच्या खोबणीशी जुळती केली तेव्हा थांबलं.

तयार डोळ्यांची दुसरी खोड म्हणजे पांढरा भाग फारच पांढरा. आपल्या लोकांच्या डोळ्यातलं पांढरं हे किंचित पिवळट, कडेला तपकिरी छटेचं असतं, बुबुळाच्या भोवती बऱ्याचदा तपकिरी डागही असतात. त्यात निळसर-पांढरा डोळा बसवला की समोरच्याला नेमकं काय खटकतंय ते सांगता येत नाही, पण खटकतं.

बुबुळ हाताने रंगवलेलं चांगलं की फोटो छापलेलं?

दोन्ही चांगली होतात. छापलेलं बुबुळ तुमच्या दुसऱ्या डोळ्याच्या फोटोवरून घेतात, त्यात बारीक रेषा हुबेहूब येतात. मात्र शाई हलकी असेल तर काही वर्षांनी रंग उतरतो. हाताने रंगवताना थरावर थर चढतात, त्यामुळे खोली येते. मी स्वतः हाताने रंगवण्याच्या बाजूचा आहे, पण ते सवयीमुळेही असेल.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे रंग जुळवायची वेळ. ट्यूबलाइटखाली जुळलेला तपकिरी रंग उन्हात लालसर दिसू शकतो. खिडकीजवळ, दिवसाउजेडी जुळवून घ्या. पांढऱ्या भागातल्या लाल शिरा आम्ही रेशमाचे तंतू एकेक सोडवून, ओल्या थरावर चिमट्याने बसवून करतो. दुसऱ्या डोळ्यात जिथे शिरा जाड तिथे इथेही जाड. मग त्यावर पारदर्शक थर.

घाऱ्या डोळ्यांच्या मंडळींना एक वेगळी अडचण येते. खरी बाहुली उजेडात लहान आणि अंधारात मोठी होते, कृत्रिम डोळ्यातली होत नाही. काळ्याभोर डोळ्यात हा फरक लपतो, घाऱ्यात लगेच दिसतो. तुमचा बहुतेक वेळ ऑफिसात जातो की उन्हात, ते सांगा, म्हणजे त्या उजेडाला जुळेल असा बाहुलीचा आकार ठरवता येतो.

डॉक्टर म्हणाले आत ‘बॉल’ बसवणार. तो कशाचा घ्यावा?

हा खरा मटेरियलचा प्रश्न, आणि हा पेशंट विचारतच नाहीत. बाहेरचा डोळा दर काही वर्षांनी बदलता येतो. आतला गोळा बहुधा जन्मभराचा असतो.

डोळा काढल्यावर खोबणीत साधारण ७ मिलिलिटर जागा रिकामी होते. ती भरायला आत गोळा बसवतात, त्याला स्नायू जोडतात आणि वरून आवरणं शिवतात. पुढे त्या शिवणीच्या समोर आमचा डोळा बसतो. गोळे दोन जातींचे. एक भरीव आणि गुळगुळीत: पीएमएमए किंवा सिलिकॉनचा. दुसरा सच्छिद्र: हायड्रॉक्सिअपटाइट, जे मूळ समुद्रातल्या पोवळ्यापासून बनवत, किंवा सच्छिद्र पॉलिएथिलीन, किंवा ॲल्युमिनियम ऑक्साइडचं सिरॅमिक. सच्छिद्र गोळ्याच्या भोकांतून रक्तवाहिन्या आत वाढतात आणि तो जागेवर धरला जातो. गुळगुळीत गोळा तसा धरला जात नाही, स्नायू नीट जोडले नाहीत तर कालांतराने सरकू शकतो.

मग सच्छिद्रच घ्यावा ना? थांबा. तो बराच महाग. त्याचा पृष्ठभाग खरखरीत असल्याने वरची त्वचा झिजून गोळा उघडा पडण्याची शक्यता असते, म्हणून त्याला नीट गुंडाळून बसवावं लागतं. आणि रक्तवाहिन्या आत शिरल्यावर काढायची वेळ आलीच तर काढणं अवघड. साधा पीएमएमए गोळा स्वस्त, काढायला सोपा, आणि चांगल्या हातांनी बसवला तर वर्षानुवर्षं मुकाट राहतो. ‘महागाचा बॉल टाका, डोळा जास्त हलेल’ असं नातेवाईक आग्रहाने सांगतात. गोळ्यात खुंटी ठोकून बाहेरचा डोळा त्याला अडकवला तर हालचाल वाढते हे खरं, पण खुंटीचे त्रास पाहून ती पद्धत आता मागे पडली आहे. खुंटी नसेल तर दोन्ही गोळ्यांच्या हालचालीत फारसा फरक आढळलेला नाही.

माझ्या मते मटेरियलच्या आधी आकार विचारा. २० मिलिमीटरचा गोळा सुमारे ४.२ मिलिलिटर जागा भरतो, १६ चा जेमतेम २.१. गोळा लहान राहिला की उरलेली जागा बाहेरच्या डोळ्याने भरावी लागते. तो जाड आणि जड होतो, खालची पापणी त्याच्या ओझ्याने उतरते आणि वरच्या पापणीच्या वर खळगा पडतो. हे आम्ही बाहेरून पूर्ण भरून काढू शकत नाही. डॉक्टरांना सरळ विचारा: ‘गोळा कशाचा, किती मिलिमीटरचा, आणि स्नायू त्याला जोडणार का?’ उत्तर केसपेपरवर लिहून घ्या. दहा वर्षांनी दुसऱ्या हॉस्पिटलमध्ये तोच कागद कामाला येतो.

ऑपरेशननंतर डोळ्यात पारदर्शक चकती दिसते. हाच डोळा का?

नाही, तो कन्फॉर्मर. खोबण आकसू नये म्हणून ठेवतात. निघाला तर धुऊन परत बसवायचा किंवा डॉक्टरांना गाठायचं, पण ‘नंतर बघू’ म्हणून ड्रॉवरमध्ये टाकायचा नाही. माप साधारण सहा ते आठ आठवड्यांनी, सूज उतरल्यावर.

डोळा काढलेला नाही, फक्त लहान आणि पांढरा झालाय. तरी बसवता येतो?

येतो. त्याला शेल म्हणतात. पातळ ॲक्रेलिकचं कवच, खऱ्या डोळ्यावरच बसतं. आतला डोळा हलतो म्हणून हालचाल उत्तम मिळते. मात्र कॉर्नियाला, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पडद्याला, संवेदना शिल्लक असेल तर सुरुवातीला टोचतं. तास-दोन तासांपासून वेळ वाढवत न्या, आणि डोळा दुखून लाल झाला तर शेल काढून नेत्रतज्ज्ञांना दाखवा.

म्युकरमध्ये पापण्यांसकट सगळं काढलं. ॲक्रेलिक चालेल?

२०२१ मध्ये कोविडनंतर म्युकरमायकोसिसने महाराष्ट्रात अनेकांचं असं झालं. इथे नुसता डोळा बसवून भागत नाही, पापण्या आणि भोवतीची त्वचा हवी. ती सिलिकॉनची करतात, कारण सिलिकॉन मऊ असतं, कातडीसारखं वाकतं. डोळा मात्र त्यात ॲक्रेलिकचाच बसवतात. हे चष्म्याला जोडतात, चिकटद्रव्याने लावतात किंवा हाडात बसवलेल्या इम्प्लांटवर चुंबकाने धरतात. आपल्या घामट हवेत चिकटद्रव्य मे महिन्यात दगा देतं, तेव्हा जाड फ्रेमचा चष्मा बरा. सिलिकॉनचा रंग एक-दोन वर्षांत उतरतो, कडा फाटतात, त्यामुळे ते पुन्हा करावं लागणार हे खर्चात आधीच धरा. पापण्या मिटत नाहीत. ते कुणी कबूल करत असेल तर जपून.

मूल लहान आहे. मोठं झाल्यावर एकदम चांगला डोळा बसवू का?

नको. खोबणीचं हाड आतल्या भरावाच्या दाबाने वाढतं. रिकामी ठेवली तर चेहऱ्याची ती बाजू लहान राहू शकते. परळच्या टाटा हॉस्पिटलमधून रेटिनोब्लास्टोमाची, म्हणजे डोळ्याच्या कॅन्सरची, मुलं येतात, त्यांच्या आई-वडिलांना हेच सांगावं लागतं. मुलांसाठी ॲक्रेलिकच, कारण त्यावर भर घालत नेता येते. पहिली काही वर्षं दर सहा महिन्यांनी दाखवा. ‘भारीतला’ डोळा शाळकरी वयात घेण्यात पैसे घालवू नका, तो वर्ष-दोन वर्षांत लहान होणारच आहे.

मुंबईच्या हवेत, लोकलच्या गर्दीत काही वेगळं सांभाळायचं?

दमट हवेने ॲक्रेलिकला काही होत नाही. त्रास होतो तो धुळीचा आणि एसीचा. दिवसभर एसीत बसलं की पृष्ठभाग कोरडा पडतो, पापणी चिकटते. डॉक्टरांना विचारून वंगण देणारे थेंब ठेवा. पुसताना नाकाच्या दिशेने पुसा. बाहेरच्या दिशेने ओढून पुसलं की डोळा फिरतो किंवा निसटतो, आणि चर्चगेट फास्टमध्ये निसटलेला डोळा कोण शोधणार. समुद्रात किंवा तरणतलावात जाताना घट्ट गॉगल लावा किंवा डोळा काढून डबीत ठेवा. रंगपंचमीला आणि विसर्जनाच्या गुलालात चष्मा वापरा.

चष्मा तसाही वापरा, नंबर नसला तरी. दुसऱ्या, दिसणाऱ्या डोळ्यासाठी. भिंगं पॉलिकार्बोनेटची मागा, ती आपटल्यावर सहजासहजी फुटत नाहीत. दुकानदार साध्या प्लास्टिकची देऊ करेल, तर नावासकट सांगून पॉलिकार्बोनेटच घ्या.

धुवायचा कशाने?

कोमट पाणी आणि लहान मुलांचा साधा साबण. स्पिरिट, सॅनिटायझर, डेटॉल, टूथपेस्ट, यातलं काहीही नाही. स्पिरिटने ॲक्रेलिकमध्ये कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक तडा जातात. कोविडच्या काळात सॅनिटायझरने पुसलेले असे डोळे बरेच आले, बदलावेच लागले. उकळत्या पाण्यातही नको, १०० अंशांच्या आसपास हे मटेरियल मऊ पडू लागतं. आणि रोज काढू नका. जितकं काढाल-घालाल तितकी खोबण चिडते. त्रास नसेल तर महिन्यातून एकदा पुरे.

किती वर्षं टिकतो?

नीट ठेवला तर पाच-सात वर्षं. वर्षातून एकदा पॉलिश, त्याला फार वेळ लागत नाही. चिपडं एकाएकी वाढली तर थेंब घालत बसण्याआधी डोळा उजेडात तिरका धरून पाहा: चमक गेलेली, धुरकट दिसतेय का? बहुतेक वेळा उत्तर तिथेच असतं. पॉलिशनंतरही पू किंवा रक्त दिसलं, किंवा आत काही टोकदार लागलं, तर आमच्याकडे नको, आधी नेत्रतज्ज्ञांकडे.

या डोळ्याने कधी दिसेल का? चिप वगैरे बसवून?

नाही. तसं सांगून पैसे मागणाऱ्यापासून दूर राहा.

पडून कडेचा टवका उडाला. फेविक्विक लावू का?

अजिबात नाही. त्याचा सुकलेला थर कडक आणि खरखरीत होतो, आतली त्वचा सोलून निघते. तुटलेला तुकडा मिळाला तर डोळ्यासकट डबीत घालून आणा, कड बहुधा भरता येते. तोवर जुना डोळा वापरा. नवीन केला की जुना फेकू नका, स्वच्छ करून कोरडा ठेवा, बाहेरगावी जाताना सोबत घ्या. जुनाही नसेल तर कन्फॉर्मर घालून या. तोही नसेल, तर त्याच दिवशी फोन करा, आम्ही तात्पुरता एखादा देतो. खोबण आठवडाभर रिकामी ठेवली की तोच डोळा परत बसायला कुरकुर करतो.